‘तुमची संस्था’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : सर, मुलगा दहावीला आहे म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून सेकंडहँड लॅपटॉप घेतला. आधी कुठल्यातरी कॉम्प्युटर क्लासमध्ये होता म्हणे, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलेलंच मिळालं. आता फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये वरती लिहून येतं की तुमचा ब्राउझर तुमची संस्था मॅनेज करते. आमची कसली आलीय संस्था! होमपेजचा रकाना फिका दिसतो, बदलताच येत नाही. शिवाय ‘मागचे टॅब परत उघडा’ ही टिक केली की दुसऱ्या दिवशी गायब, आणि जीमेलला रोज नव्याने लॉगिन. मुलाने एका व्हिडिओत बघून ब्राउझर सेफ करायची कसलीशी फाइल टाकली होती. व्हायरस असेल का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, आधी घाबरणं थांबवा, ही लक्षणं व्हायरसची वाटत नाहीत. मला वाटतं दोन वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या दोन गोष्टी तुम्हाला एकच दुखणं वाटतायत, एक त्या क्लासची आणि एक तुमच्या चिरंजीवांची.

संस्थेचं म्हणाल तर फायरफॉक्स 60 पासून, म्हणजे 2018 पासून, ऑफिस किंवा लॅबवाल्यांना सगळ्या मशीनवर एकच नियम लावता यावेत म्हणून पॉलिसीची सोय आहे, लिनक्सवर ती एका साध्या फाइलीत असते, पॉलिसीज डॉट जेसन नावाच्या, आणि त्यात एकच ओळ असली तरी ती सूचना झळकते. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:पॉलिसीज’ इंग्रजीत टाइप करा, कुठले नियम चालू आहेत ते दिसेल. तिथे होमपेज लॉक केलेलं दिसलं तर रकाना फिका का ते कळलंच. फाइल बहुतेक ईटीसी फोल्डरमध्ये, त्यातल्या फायरफॉक्समध्ये, त्याच्या आत पॉलिसीजमध्ये सापडेल. नसेल तर फायरफॉक्स जिथे इन्स्टॉल झालाय तिथल्या डिस्ट्रिब्युशन फोल्डरमध्ये बघा. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ओपन अ‍ॅज रूट’ (म्हणजे मालकाच्या पूर्ण हक्काने उघडणं) घ्या, पण फाइल उडवू नका हं, नाव बदला फक्त, काही बिघडलं तर परत आणता येईल. मग फायरफॉक्स पूर्ण बंद करून उघडा.

आता टिक न टिकणं. व्हिडिओवाली फाइल बहुतेक यूजर डॉट जेएस असणार. तुम्ही दिवसभरात जे बदलता ते प्रेफ्स डॉट जेएस या फायरफॉक्सच्या सेटिंग्जच्या फाइलीत लिहिलं जातं आणि ते नीट सेव्हही होतं, पण दर वेळी सुरू होताना फायरफॉक्स यूजर डॉट जेएस वाचतो आणि त्यातलं सगळं तुमच्या निवडीवर चढवतो, म्हणून वाटतं की सेव्हच होत नाही. ब्राउझर बंद होताना कुकीज पुसा अशी ओळ अशा फाइलींत बऱ्याचदा असते, जीमेलचं कारण तेच दिसतंय. ‘अबाउट:सपोर्ट’ उघडलंत की प्रोफाइल फोल्डरचं, म्हणजे तुमची सेटिंग्ज जिथे साठतात त्या फोल्डरचं, बटण मिळेल, फोल्डर उघडल्यावर फायरफॉक्स बंद करा आणि त्या फाइलचंही नाव बदला.

आणि इथेच बरेच जण फसतात. फाइल काढली तरी तिच्यातल्या सेटिंग्ज प्रेफ्समध्ये लिहून झालेल्या असतात, त्या आपोआप जात नाहीत, त्यामुळे टॅबची टिक आणि कुकीजची सेटिंग एकदा हाताने बदलावीच लागेल, त्यानंतर मात्र टिकेल. मुलाला रागावू नका, त्याने काळजीपोटीच केलंय, फक्त त्या फाइलीत काय लिहिलंय ते आधी वाचायला सांगा.

हे करूनही टिकलं नाही तर डिस्क भरलीय का आणि प्रेफ्सची फाइल रीड-ओन्ली तर नाही ना ते बघा. क्रोम वापरत असाल तर तिथे ‘क्रोम://पॉलिसी’ टाइप करायचं, म्हणजे तिथले नियम दिसतील.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. पॉलिसीतून प्रॉक्सी लावता येते, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्याच्या मशीनमधून फिरवता येतं, एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरचं जोड-सॉफ्टवेअर घुसवता येतं, कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा ते ठरवणारं सर्टिफिकेटसुद्धा टाकता येतं, आणि त्या यादीत यातलं काही दिसलं तर त्या लॅपटॉपवर बँकेचं काम बिलकुल करू नका. मी तर म्हणेन यादी स्वच्छ दिसली तरी बुकमार्क आणि मुलाच्या नोट्स पेनड्राइव्हवर घ्या आणि येत्या रविवारी मिंट नव्याने टाका, तासाभराचं काम आहे, दुसऱ्याने लावलेली सिस्टीम आहे तशी वापरण्यापेक्षा ते बरं.