क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढ्या-नाल्यांच्या रेषांवर प्रवाहाची दिशा बाणांनी कशी दाखवायची? माझ्या नकाशात निम्मे बाण उलटेच येतात.

बाण काढणं सोपं आहे, ते आधी उरकू. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिम्बॉलॉजी उघडा. निळी सिंपल लाइन आहे तशी राहू द्या, हिरव्या अधिक चिन्हाने आणखी एक सिम्बॉल लेयर जोडा आणि त्याचा प्रकार मार्कर लाइन करा. आत गोल ठिपका दिसेल, त्याजागी फिल्ड अ‍ॅरोहेड, म्हणजे भरीव बाणाचं टोक घ्या. त्रिकोणही चालतो, पण त्याचं टोक वर असतं, त्यामुळे रोटेशन 90 द्यावं लागतं. मार्कर रेषेच्या दिशेने फिरवायची टिक काढू नका.

बाण कुठे बसवायचा, यात मात्र घोळ होतो. बरेच जण लास्ट व्हर्टेक्स, म्हणजे रेषेचा शेवटचा बिंदू निवडतात. एकटी रेषा असेल तर ते छान दिसतं. पण ओढ्याला चार नाले मिळतात तिथे सगळी टोकं एकावर एक चढतात आणि कोणाचं पाणी कुठे चाललंय ते कळेनासं होतं. ओढ्यांसाठी मी इंटरव्हल, म्हणजे ठराविक अंतरावर बाण घेतो, तुकडे छोटे असतील तर सेंट्रल पॉइंट, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एकच बाण. अंतर मिलिमीटरमध्ये ठेवा. मॅप युनिटमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या अंतरात ठेवलंत तर झूम कमी केल्यावर बाणांची नुसती गर्दी होते. 'अ‍ॅरो' नावाचा वेगळा प्रकारही आहे. हिंजवडीला रोज कुठून किती लोक जातात, अशा नकाशाला तो शोभतो. वळणावळणाच्या ओढ्याला नाही.

आता उलटे बाण. सॉफ्टवेअरला उतार कळत नाही. तुम्ही पहिला बिंदू जिथे टाकला तिथून शेवटच्या बिंदूकडे बाण जातो, एवढंच. पुण्यातला आंबिल ओढा कात्रजकडून खाली येऊन मुठा नदीला मिळतो; तुम्ही मुठेपासून सुरुवात करून रेघ ओढली असेल, तर तो बिनदिक्कत घाटाकडे चढताना दिसणार. अशा वेळी मार्करला 180 अंश फिरवून वेळ मारून नेऊ नका. नकाशा सुधारलेला दिसेल, पण त्याच डेटावर पुढे कोणी नेटवर्क अ‍ॅनालिसिस (कुठलं पाणी कुठे पोचतं याचा हिशेब) केलं की सगळं उलटं. रेषाच उलटवा.

दोन-चार रेषा असतील तर अ‍ॅडव्हान्स्ड डिजिटायझिंग टूलबारवरचं रिव्हर्स लाइन पुरेसं आहे. शेकडो असतील तर उंचीच्या रास्टरची, म्हणजे प्रत्येक चौकोनात उंची नोंदवलेल्या जाळीची मदत घ्या. नासाचा एसआरटीएम हा उंचीचा डेटा चालेल, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेमही. दोन्ही लेयर एकाच प्रोजेक्शनमध्ये आणा. पुण्याला यूटीएम झोन 43 उत्तर. मग सिलेक्ट बाय एक्स्प्रेशनमध्ये रास्टर व्हॅल्यू हे फंक्शन वापरून प्रत्येक रेषेच्या स्टार्ट पॉइंटची आणि एंड पॉइंटची उंची काढा. सुरुवात शेवटापेक्षा खाली असेल, ती रेषा निवडा. निवडलेल्यांवर प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं रिव्हर्स लाइन डिरेक्शन चालवा. टूलबॉक्सवरचं पेन्सिलचं बटण दाबलेलं असेल तर नवा लेयर न होता आहे त्यातच बदल होतो, तेव्हा आधी कॉपी करून ठेवा.

पण या निवडीवर डोळे झाकून विसंबू नका. एसआरटीएमचा एक चौकोन साधारण 30 मीटरचा, आणि त्यातल्या उंचीत इमारतीही येतात. सहकारनगर-पर्वतीच्या दाट वस्तीतून जाणाऱ्या पन्नास मीटरच्या तुकड्यात दोन टोकांचा एक-दोन मीटर फरक आला, तर त्याला काही अर्थ नाही. असे तुकडे वेगळे काढून हातानेच तपासा. तुकडा ज्याला जोडलाय त्याची दिशा बघितली की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातून उतरवलेल्या नद्या-ओढ्यांना हा त्रास सहसा नसतो, कारण तिथे जलरेषा प्रवाहाच्या दिशेनेच काढायचा नियम आहे. रस्त्यांचं तसं नाही. तिथे एकेरी वाहतुकीच्या वनवे रकान्यात कधीकधी उणे 1 असतं. म्हणजे वाहतूक रेषेच्या उलट दिशेने. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्त्याचे बाण टाकणार असाल तर तो रकाना आधी बघा.