अपघातात माणूस गेला तर सांभाळणाऱ्या नातेवाईकाला नुकसानभरपाई मागता येते का?

तुम्ही विचारलंय की जावई ट्रकखाली गेला, त्याच्याच घरात राहणारी सासू क्लेम करू शकते का, का फक्त बायकापोरंच. करू शकते. २०२१ ला एन. जयश्री केसमध्ये सुप्रीम कोर्टानं जावयाजवळ राहणाऱ्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या सासूला मोटार वाहन कायद्याखाली कायदेशीर प्रतिनिधी, म्हणजे क्लेम करू शकणारी, मानलंय, वारस नसली तरी.

आमच्यात हाच वाद आत्यावरनं झाला. चुलतभाऊ लहान असताना त्याची आई वारली, काकांनी दुसरं लग्न करून गडहिंग्लजला संसार मांडला आणि पोरगं आत्याच्या पदरात टाकलं, ते परत बघायलाबी आले नाहीत. पुढं तो शिरोलीत फौंड्रीत लागला, पगार झाला की आत्याच्या खात्यावर पैसे, गॅस, तिच्या बीपीच्या गोळ्या सगळं तोच बघायचा. लग्न झालं नव्हतं. तावडे हॉटेलजवळ ट्रकनं उडवलं त्याला. आणि तेराव्याला काका म्हणतात क्लेम बापाचा, बहिणीचा काय संबंध! त्यांनी आणलेला वकीलपण मान हलवतोय. मी तिथंच म्हणालो, शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कुणाची आहे ते काढून बघा आधी.

कसबा बावड्यात कोर्टाजवळ दुसरा वकील गाठला. आत्यानं पत्र्याच्या ट्रंकेतनं रेशनकार्ड, ते फॉर्म आणि पासबुक काढून टेबलावर ठेवलं, पासबुकात दर महिन्याला त्याच्या नावची एंट्री. वकील म्हणाला, हेच पाहिजे. गुजरात एसटीच्या केसमध्ये १९८७ लाच सुप्रीम कोर्टानं भावाचा अर्ज मान्य केला होता, मग आत्या का नाही? ट्रिब्युनलनं (अपघाताच्या क्लेमचं कोर्ट) काकांना थोडं दिलं, मोठा हिस्सा आत्याच्या नावावर एफडीत. काका अजून बोलत नाहीत. नसू देत. जन्म दिला म्हणून पैसे मागायचे आणि वाढवलं तिनं मागायचे नाहीत, हे मला कधीच पटणार नाही.

लग्न झालेली मुलगीपण अर्ज करू शकते (मंजुरी बेरा, २००७), रक्कम किती ते मात्र ती किती अवलंबून होती त्यावर. पगारी नर्स किंवा शेजारी यात धरू नका.

आणि हो, हे सगळं गाडीच्या अपघाताचं. बांधकामावर वगैरे कुणाच्या हलगर्जीपणानं माणूस गेला तर १८५५ चा जुना कायदा लागतो, त्यात नवरा-बायको, आईबाप, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं एवढेच, सासू-आत्या नाहीत. १ एप्रिल २०२२ पासूनच्या गाडीच्या अपघातांना मोटार वाहन कायद्यात अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळं घरात भांडत बसू नका, सासूचं नाव सुनावणीत नंतर घालू म्हणणाऱ्या वकिलाचं ऐकू नका, पहिल्याच अर्जात घाला.