चित्रकला येत नसेल तर ग्राफिक डिझाईन जमेल का? होमस्टेचा बोर्ड आणि पत्रक स्वतः करायचंय

तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळ मुरूडला होमस्टे आहे, शाळेत चित्रकलेत जेमतेम पास व्हायचात, आता रस्त्यावरचा बोर्ड आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं पत्रक स्वतः करायचंय, तर आधी ड्रॉइंगचा क्लास लावू का. नका लावू, खरंच. मी बी.कॉम. झालेली, मालवण तालुक्यात सासूबाईंबरोबर कोकमाचा घरगुती धंदा बघते, चित्र कधी काढलं नाही आणि आमची सगळी लेबलं मीच करते. चित्र काढणं वेगळं, आणि बघणाऱ्याला आधी काय दिसायला पाहिजे ते ठरवणं वेगळं. तुम्हाला दुसरं शिकायचंय.

आमचंच सांगते. आम्ही आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, पण विकतो आणि कोकमाचं सरबत पण. आगळात मीठ, सरबतात साखर, आपल्याला हे सांगावं लागत नाही पण पुण्याहून आलेल्या माणसाला कुठून कळणार, दोन्ही बाटल्या लालच. पहिलं लेबल बाहेरून करून घेतलं होतं, त्यावर माड, होडी, मावळता सूर्य, कोकमाचा फोटो, चार तऱ्हेचे फॉन्ट, आणि 'आगळ' हा शब्द खाली कोपऱ्यात. लोक आगळ न्यायचे, थंड पाण्यात घालून पाहुण्यांना द्यायचे आणि मग फोन, की ताई हे खारट कसं काय. तीन-चार फोन झाल्यावर मी बसले आणि एकेक वस्तू काढत गेले, होडी गेली, सूर्य गेला, माड गेला. राहिलं काय, तर लेबलाच्या जवळजवळ अर्ध्या उंचीचं 'आगळ', त्याखाली 'मिठाचं, सोलकढीसाठी', आणि तळाला लहान अक्षरात वजन, तारीख, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, १४ आकडी नंबर असं सगळं एकाच ठिकाणी. सरबताच्या लेबलाची पट्टी पिवळी केली आणि त्यावर 'साखरेचं, पाणी घालून प्या'. ते फोन थांबले. माझं डिझाईनचं शिक्षण म्हणाल तर त्या दुपारी झालं.

तुमच्या बोर्डाला हेच लावा. गाडीतल्या माणसाला दोन-तीन सेकंद मिळतात, त्यात नाव, 'राहण्याची सोय' आणि बाण, बस. एसी, वायफाय, घरगुती जेवण, मोदक ऑर्डरप्रमाणे हे सगळं पत्रकात टाका. अक्षराचा ढोबळ हिशोब असा की दर दहा फुटांना एक इंच उंची, म्हणजे शंभर फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर दहा इंचांचं. बहुतेक बोर्ड इथेच फसतात, नाव बारीक आणि मागे समुद्राचा फोटो एवढा मोठा, अहो समुद्र समोरच आहे ना! आणि नाव लाल रंगात नको, उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा-काळा जास्त टिकतो. पांढऱ्यावर गडद निळा घ्या.

पत्रकात आपल्याला लग्नपत्रिकेची सवय असते, सगळं मधोमध. त्यापेक्षा सगळ्या ओळी डावीकडे एकाच रेषेत सुरू करा, लगेच नीट दिसायला लागतं. एकमेकांशी संबंध असलेलं जवळ ठेवा, म्हणजे खोलीचं भाडं आणि किती माणसं ते शेजारी, जेवणाचं वेगळं, मध्ये मोकळी जागा सोडा. ती जागा रिकामी दिसते म्हणून घरचे फूल टाक, नक्षी टाक म्हणतील, तिथे ठाम राहा.

फॉन्ट एकच घ्या, जाड आणि साधा असे दोन प्रकार वापरा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' (Mukta) गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, सात जाड्यांमध्ये येतो, मी तोच वापरते. मराठीला वेलांटी, उकार, रफार असल्यामुळे ओळी इंग्रजीपेक्षा जरा सुट्या ठेवाव्या लागतात, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. आणि 'ल' आणि 'श' नीट बघून घ्या, बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आपल्या वाचणाऱ्याला कुठेतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. मला तरी फार खटकतं.

सॉफ्टवेअरला कॅन्व्हाचं फुकटचं पुरतं, मोबाईलवर चालतं. छापायला देताना मात्र पीडीएफ द्या, प्रेसवाल्याला व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवलात तर तो दाबला जाऊन अक्षरं फाटतात, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनवरचा रंग छपाईत तसाच येत नाही, आमचा पहिला कोकमी रंग चक्क विटकरी आला होता आणि पाचशे लेबलं हातात, म्हणून आधी एकच प्रत काढून उन्हात नेऊन बघा.

आजच करता येईल असं म्हणजे बोर्डावरचा मजकूर ए-फोर कागदावर काढा, फाटकाला चिकटवा, दहा-पंधरा पावलं मागे जा आणि घरातल्या कोणालातरी, शक्यतो चष्मा लागलेल्याला, मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळले तिथला शब्द कमी करा किंवा मोठा करा. मग मजकूर इथे टाका, मी बघते. फक्त एवढं सांगा की तुमच्याकडे गाड्या जास्त आसूदकडून येतात की कर्द्याकडून, त्यावर बाण आणि नाव कुठल्या बाजूला ते ठरेल.