तपासणीत दुखेल, तेव्हा पाखरांचा आवाज काय कामाचा?

ब्रॉन्कोस्कोपीची तारीख ठरल्यावर पन्नाशीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. आतून तपासण्यासाठी श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालणार आणि आपण पूर्ण बेशुद्ध नसणार, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. त्यातच कोणीतरी त्यांना निसर्गाचे आवाज ऐकण्याचा सल्ला दिला होता. “दुखणार मला, आणि तुम्ही पाखरांची किलबिल ऐकवून माझी समजूत घालणार, असेच ना?” असे त्यांनी विचारले. ही शंका अनेकांना येते आणि ती रास्तच आहे.

घसा बधिर करणारा फवारा आणि गुंगीचे औषध यांत काहीही कपात होणार नाही, आवाज त्यांच्या जोडीला असतील, हे मी आधी स्पष्ट केले. मन दुसरीकडे गुंतले की तीच वेदना कमी बोचते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉक्टरांनी ब्रॉन्कोस्कोपीच्या ८० रुग्णांवर हे तपासून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या खाटेशेजारी निसर्गदृश्य लावले होते आणि ज्यांना तपासणीच्या आधी, दरम्यान व नंतर निसर्गाचे आवाज ऐकवले होते, त्यांच्या वेदना, ज्यांना यातले काही दिले नव्हते त्या गटापेक्षा अधिक चांगल्या आटोक्यात राहिल्या. चिंतेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हे मी रुग्णांना आवर्जून सांगते, नाहीतर भीती कायम राहिली म्हणजे उपाय फसला, असे त्यांना वाटते.

मग आम्ही काही ध्वनिमुद्रणे लावून पाहिली. वाहत्या पाण्याचा आवाज सुरू होताच बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. लहानपणी त्या पुरात अडकल्या होत्या. म्हणूनच आवाजाची निवड रुग्णानेच करावी, असा माझा आग्रह असतो. त्यांना पानांतून सळसळणारा वारा आवडला. तपासणीत डोळे झाकले जाण्याची शक्यता असल्याने चित्रावर विसंबून चालणार नव्हते, तेव्हा रोज झोपण्यापूर्वी तो आवाज ऐकत, वारा कोणत्या बाजूने येतो, कुठली फांदी आधी हलते, हे मिटल्या डोळ्यांनी पाहण्याचा सराव त्यांनी केला. सूचना ऐकू याव्यात म्हणून इयरफोन एकाच कानात ठेवायचा आणि त्रास असह्य झाला तर हात वर करायचा, हे त्यांनी डॉक्टरांशी आधीच ठरवून घेतले.

“ठसका लागला तेव्हा वारा हरवलाच,” त्या नंतर म्हणाल्या, “पण मी हात वर केल्यावर डॉक्टर थांबले, आणि मग तो पुन्हा ऐकू येऊ लागला.” पुन्हा तपासणीची वेळ आलीच, तर त्या बाहेर बाकावर बसल्यापासूनच आवाज सुरू करणार आहेत, कारण नाव पुकारले जाईपर्यंतचा वेळच त्यांना सर्वांत जड गेला होता.