एका गटावर तीन नकाशे

प्रश्न : सर नमस्कार, मी पुणे जिल्ह्यातला, साडेचार एकर काळी जमीन, विहिरीला बारमाही पाणी, ऊस आणि कांदा घेतो. गेल्या सहा वर्षांत आमच्या गटात आधी रस्त्यावाल्यांनी दगड रोवले, मग गॅसच्या पाईपलाईनची नोटीस आली, आता ऐकतोय की औद्योगिक क्षेत्रातपण आमचा गट नंबर आहे. तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत की जमीन वापराचा राष्ट्रीय आराखडा पाहिजे, म्हणजे आता आमच्या बांधाच्या आत काय करायचं ते दिल्लीवाले ठरवणार का? जिल्ह्याचा आराखडा आहे तो पुरत नाही का? आणि तोवर आम्ही काय करायचं तेही सांगा.

उत्तर : दादा, तुमच्या एका गटावर तीन खात्यांची नजर पडली आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, माझ्या मते दुखणं तिथंच आहे. रस्तेवाला सरळ रेघ बघतो, पाईपलाईनवाला कमी वळणं बघतो, कारखान्यावाल्याला सपाटी आणि जवळ पाणी लागतं, आणि शेतीलापण तेच लागतं ना, त्यामुळे सगळ्यांचे नकाशे येऊन पडतात ते चांगल्या बागायतीवरच.

आता जमीन आहे किती बघा. जगातली साधारण 2.4 टक्के जमीन आपल्याकडे आणि माणसं 17 टक्क्यांच्या वर. देशाचं क्षेत्र जवळपास 33 कोटी हेक्टर, त्यातलं पेरणीखालचं निव्वळ क्षेत्र 14 कोटींच्या आसपास, आणि हा आकडा पन्नासेक वर्षं तिथंच घुटमळतोय. म्हणजे रस्त्यात गेलेली काळी जमीन आपण कुठूनतरी नवीन आणू असं नाही, फार तर हलकं रान फोडून आकडा भरतो, आणि काळ्याच्या बदल्यात मुरमाड हा काय सौदा आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. श्रीमंत देशाला चूक परवडते, बाहेरून धान्य आणेल, आपल्याकडे अजून निम्म्याच्या आसपास कामकरी शेतीवर आहेत, इकडे शहरं आणि कारखाने वाढायचेत ते याच वीस-तीस वर्षांत, म्हणून घाई आपल्याला जास्त.

गंमत म्हणजे माती बघून ठरवायची अक्कल इथं जुनी आहे. 1830 च्या दशकात तुमच्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी शेत न् शेत फिरून मातीचा रंग आणि खोली बघितली, नऊ प्रती पाडल्या, आणि सोळा आण्यापासून दोन आण्यापर्यंत तुलनेचा भाव लावला. सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून चार-सहा रुपये दिसतात ना, त्याचं मूळ तिकडं आहे. त्यांना अर्थात सारा गोळा करायचा होता, आपल्यावर प्रेम नव्हतं, पण माती तरी बघितली! आज नागपूरला 1976 पासून मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग पाडतात, पहिले चार नांगराचे. पण मी इतक्या वर्षांत एनएच्या, म्हणजे बिगरशेती परवानगीच्या, फायलीत मातीचा वर्ग विचारलेला बघितला नाही, अॅप्रोच रोड मात्र सगळे विचारतात.

जिल्ह्याचा आराखडा का पुरत नाही? एक तर 1966 च्या आपल्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजना, म्हणजे तुम्ही म्हणता तो जिल्ह्याचा आराखडा, आहे तशी तिच्यात फेरबदल करायची सोयपण आहे, कलम 20, आणि शेती झोनचा रहिवासी झोन करून घ्यायला लोक कुठून कुठून येतात ते तुम्ही हायवेला बघतच असाल. दुसरं, नदीला हद्द कळत नाही. कृष्णा महाबळेश्वरला निघते, सांगलीवरून कर्नाटकात जाते, दर पावसाळ्यात आपण तिथल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीवर भांडतो, भांडावंही, पण आपल्या बाजूला निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर जिथं पोचतो तिथं, घरं बांधलीत ती आपणच. 2019 च्या पुरात सांगलीचं काय झालं ते आठवतच असेल.

दिल्लीची भीती मात्र सोडा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन राज्यांच्या यादीत आहे, तुम्ही ऊस लावा की कांदा, दिल्ली बोलणार नाही. मलेशियातही जमीन राज्यांकडेच, तरी त्यांनी 2005 मध्ये राष्ट्रीय आराखडा केला, त्याच्या परिषदेत पंतप्रधान आणि राज्यांचे मुख्यमंत्री एका टेबलावर. दक्षिण कोरियाने 1972 ला पहिला आराखडा केला तेव्हा तो गरीबच देश होता, कारखाने राजधानी सोलपासून लांब उल्सान, पोहांगकडे नेले, सोलभोवती हिरवा पट्टा राखला, तरी निम्मी माणसं आज राजधानीच्या परिसरात आहेतच, म्हणजे आराखडा म्हणजे जादूची कांडी नाही हे मीपण मान्य करतो. मला आपल्या आराखड्यात तीन-चारच गोष्टी पाहिजेत, कुठल्या मातीला हात लावायचा नाही, पुराची जागा कुठली, पाणी मुरायची कुठली, आणि रस्ता, रेल्वे, पाईपलाईन शक्यतो एकाच पट्ट्यातून. तुमच्या एका गटावर तीन खात्यांचे तीन नकाशे पडले नसते.

आपल्याकडे 2013 मध्ये राष्ट्रीय भूवापर धोरणाचा मसुदा निघाला होता, तो मसुदाच राहिला. 2021 पासून केंद्राची गतिशक्ती योजना आहे, त्यात खात्यांचे नकाशे एका स्क्रीनवर आले हे चांगलंच झालं, पण त्याचा जोर कामं लवकर उरकण्यावर, कुठं करायचंच नाही यावर कमी.

तोवर काय करायचं? 2013 च्या भूसंपादन कायद्यात दुबार पिकाची बागायत शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं कलम 10 आहे, पण राष्ट्रीय महामार्गाचं संपादन 1956 च्या वेगळ्या कायद्याने होतं, तिथं ते कलम कामाला येत नाही, म्हणून तुमच्या नोटीशीवर कुठला कायदा लिहिलाय ते आधी वाचा. आणि विहीर सातबाऱ्यावर लागलीय का? दोन्ही हंगामांची पिकं? बऱ्याच जणांची नसते, रानात ऊस आणि कागदावर जिरायत, मग बागायत म्हणून दाखवायचं कशावर? यंदा ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरची पिकाची नोंद, स्वतः करा, विहिरीच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या, संपादनासाठी जागेवर होणाऱ्या संयुक्त मोजणीच्या आधी.