बायोचार बनवल्याने पर्यावरणाचा फायदा होतो की उलट धूरच वाढतो?

बायोचार म्हणजे काडीकचरा कमी हवेत भाजून केलेला, मातीत घालायचा कोळसा. दोन्ही होतं, ते भट्टीवर ठरतं. "खड्डा खणा, पेटवा, वरून माती लोटा, धूर येतोय म्हणजे काम चाललंय" असं सांगणाऱ्यांशी माझं कायमचं वाजतं. अहो, तो धूर म्हणजे न जळलेला मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि डांबराची वाफ!

हिशोब मांडा. 100 किलो वाळलेल्या काडीकचऱ्यातून 25 किलो कोळसा निघाला, तर त्यात 18-19 किलो कार्बन. म्हणजे साधारण 68 किलो कार्बन डायऑक्साइड अडला. आता भट्टीतून 1 किलो मिथेन निसटला, की तो शंभर वर्षांच्या मापाने 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापवतो, म्हणजे त्या 68 मधले 28 किलो वजा. वीस वर्षांच्या मापाने 80च्या वर. सगळी कमाई बुडाली.

म्हणून वर उघडी, खाली निमुळती भट्टी घ्या. पेटवायचं वरून. ज्वाळा वर राहिली की खालून येणारा वायू तिच्यातच जळतो. वरच्या थरावर राखेची पांढरी साय धरली की पुढचा पातळ थर टाका. घाई केलीत तर ज्वाळा दबून धूर, उशीर केलात तर कोळशाची राख. काडी कट्‌कन मोडली पाहिजे. वाकली तर ती ओली आहे, आणखी वाळू द्या. विझवायला पाणी मात्र सढळ लागतं, हा खर्च कोणी धरतच नाही. वरून काळाभोर, थंड दिसणाऱ्या ढिगाच्या पोटात निखारा राहतो, म्हणून उपसून हात लावून बघा.

जमिनीचं म्हणाल, तर काडीकचऱ्यातलं बरंचसं नत्र भट्टीतच उडतं. सहज कुजणारा पाला जाळणं हा निव्वळ मूर्खपणा. त्याचं कंपोस्टच करा. बायोचारला पराट्या (कापसाची वाळलेली झाडं), छाटणीच्या फांद्या, एरवी बांधावर पेटवून दिलं जाणारं तेवढंच घ्या. कोरा कोळसा मातीत गेला तर सुरुवातीला पिकाच्या तोंडचं नत्र तोच धरून बसतो. आधी शेणकाल्यात किंवा कंपोस्टमध्ये दोन-तीन आठवडे मुरवा. आम्लधर्मी, रेताड जमिनीत तो चांगलाच मानवतो. चुनखडीच्या जमिनीत जपून, कारण त्याचा सामू (pH) बहुधा चढा असतो आणि लोह-जस्ताची कमतरता आणखी वाढते.

आणि हो, बंद भट्टी म्हटली की वाईटच, असं नाही. निघणारा वायू नळीने परत जाळात सोडणारी बंद भट्टी उत्तम काम देते. माझं भांडण मातीने झाकलेल्या खड्ड्याशी आहे. रंग दिलेलं लाकूड आणि प्लास्टिक मात्र कुठल्याच भट्टीत नको.