गडावरचे पहारेकरी आणि बीईचा प्रोजेक्ट

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हा चौघांना बीई प्रोजेक्ट म्हणून थ्रीडी गेम करायचाय. खेळाडूने रात्री गडावर शिरायचं, पहारेकरी चुकवत बालेकिल्ल्यापर्यंत जायचं. खेळाडू दिसला की सगळे पहारेकरी त्याच्या मागे धावतात. आमचे गाईड म्हणतात, "गेम हा प्रोजेक्ट होत नाही, अटेंडन्स सिस्टिम घ्या." वर्गातले काही जण तर तयार प्रोजेक्ट विकत घेणार आहेत. शिवाय जानेवारीतल्या ग्लोबल गेम जॅममध्ये, म्हणजे दोन दिवसांत गेम करायच्या उपक्रमात, उतरायची इच्छा आहे. जॅममध्ये केलेला गेमच प्रोजेक्ट म्हणून दाखवला तर चालेल का? (पत्र जागेअभावी संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर : तुझ्या मूळ पत्रात गडावर अर्धं पान आहे. बुरूज, चोरदरवाजा, मशालींचा उजेड, सगळं आलंय. पहारेकऱ्यांवर मात्र एकच ओळ आहे, आणि तुमचा प्रोजेक्ट त्याच ओळीत आहे. सगळे धावतात म्हणजे किती जण धावतात? प्रत्येकाला वाट कोण शोधून देतं? त्याला किती वेळ लागतो?

तुझे गाईड आडमुठे आहेत असं मला वाटत नाही. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, समोर बसून "यात तुम्ही काय केलंत?" असं विचारणार आणि त्यावर "गेम केला" हे उत्तर पुरणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांच्याकडे गेम घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा.

प्रश्न असा. गेम सुरळीत दिसायचा तर सेकंदाला 60 चित्रं लागतात, म्हणजे एका चित्रासाठी जेमतेम 16.6 मिलिसेकंद. त्यातच चित्र काढायचं, आवाज द्यायचा, टक्कर झाली का ते बघायचं. वाट शोधायला उरतात फार तर दोन-तीन मिलिसेकंद. वाट शोधायची ए-स्टार पद्धत तुम्ही शिकला असाल. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी ती 1968 साली मांडली, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या 'शेकी' नावाच्या रोबोच्या कामातून. ती एका पहारेकऱ्याला एक वाट देते. दोनशे पहारेकरी असले तर हिशेब दोनशे वेळा. दुसरी पद्धत उलटी चालते. खेळाडू जिथे उभा आहे तिथून सुरुवात करून नकाशाच्या प्रत्येक चौकोनात 'इथून खेळाडू किती लांब' हा आकडा एकदाच भरून ठेवायचा. मग कुठलाही पहारेकरी शेजारचा सगळ्यांत लहान आकडा बघतो आणि तिकडे पाऊल टाकतो. पण खेळाडू हलला की अख्खा नकाशा पुन्हा भरायचा! मग किती पहारेकऱ्यांपर्यंत पहिली पद्धत परवडते आणि कुठून पुढे दुसरी? नकाशा दुप्पट केला तर? तटबंदी वाढवली तर? साध्या अँड्रॉइड फोनवर मोजून याचा आलेख काढलात, तर एक्स्टर्नलच्या प्रश्नाला तो आलेखच उत्तर देईल. तुमच्या ब्लॅक बुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव रिपोर्टमध्ये, स्वतःचे, दुसऱ्या कुठेही न मिळणारे आकडे असतील. विकत घेतलेल्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच नसतं. पैसे टाकून घेतलेल्या कोडवर व्हायवात (तोंडी परीक्षेत) दुसरा प्रश्न आला की मुलं कशी गप्प होतात ते मी परीक्षक म्हणून पाहिलंय, आणि हुशार मुलांनी ते वर्ष असं घालवलेलं पाहून मला फार वाईट वाटतं.

यासाठी थ्रीडी गड लागत नाही. वरून दिसणारा सपाट नकाशा घ्या, तट म्हणजे काळे चौकोन. इंजिन म्हणून, म्हणजे गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर म्हणून, मी गोडो सुचवेन. ते फुकट आहे, एमआयटी लायसन्सचं, म्हणजे वापरायला-बदलायला मोकळं आहे आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवरही चालतं. पण वाट शोधायची त्याची तयार सोय वापरू नका, तेवढा भाग स्वतः लिहा. नाहीतर तुम्ही इंजिनाचं काम मोजाल, तुमचं नाही. चित्रांसाठी 'केनी' या नावाने मिळणारे संच बघा. ते सीसी-झिरो आहेत, वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. तरी रिपोर्टमध्ये श्रेय द्याच.

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टची ताकद कशात असते याचं एक उदाहरण मी वर्गात नेहमी देते. अमेरिकेतल्या डिजिपेन या संस्थेतल्या मुलांनी 2005 साली शेवटच्या वर्षासाठी 'नार्बॅक्युलर ड्रॉप' नावाचा गेम केला. छोटाच गेम, पण कल्पना पक्की होती. भिंतीवर दोन दारं उघडायची, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. व्हॉल्व्ह कंपनीने तो पाहिला, त्या मुलांना कामावर घेतलं आणि 2007 मध्ये 'पोर्टल' आला. त्यांनी जर मोठं जग बांधायला घेतलं असतं, तर ती दोन दारं पूर्ण झाली असती का?

आता जॅम. जरूर उतरा. ग्लोबल गेम जॅम 2009 पासून दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस होतो. ठिकठिकाणी लोक जमतात, विषय तेव्हाच कळतो आणि साधारण 48 तासांत गेम उभा करायचा असतो. सातव्या सेमिस्टरची परीक्षा तोवर बहुतेक ठिकाणी संपलेली असते, त्यामुळे एका वीकएंडने काही बिघडत नाही. घरच्यांनाही हेच सांग. तिथे तुम्ही कापायला शिकाल. शुक्रवारी रात्री ठरवलेल्या गोष्टींतल्या निम्म्या शनिवारी दुपारपर्यंत टाकून द्याव्या लागतात आणि चौघांपैकी कुणाची तरी लाडकी कल्पना जाते. रविवारी सकाळी गेम दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवून बघा, शेवटच्या तासावर ठेवू नका. एकट्याने सराव करायचा असेल तर लुडम डेअरची 48 तासांची स्पर्धा आहे, तिथे चित्रं, आवाज, कोड सगळं स्वतःचं लागतं. मला स्वतःला जेएस-थर्टीन-के ही जावास्क्रिप्टमधल्या वेब गेमची स्पर्धा फार आवडते. 13 ऑगस्ट ते 13 सप्टेंबर, पूर्ण महिना, आणि गेमची झिप फाइल 13 किलोबाइटच्या आत! एकेक ओळ का लिहिली हे तिथे कळतं.

पण जॅमचा गेम तसाच प्रोजेक्ट म्हणून देऊ नका. घाईतल्या कोडमध्ये मोजण्यासारखं काही नसतं, आणि त्यात बाहेरचं कुणी सामील असेल तर ते काम तुमच्या नावावर लावणं अन्यायाचं आहे. जॅममध्ये सुचलेली कल्पना पुढे न्यायची असेल तर गाईडना आधी सांगा आणि कोड नव्याने लिहा. पहिल्या दिवसापासून गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, वापरा, म्हणजे कुणी काय केलं यावर वाद राहत नाही. चौघांत काम वाटताना 'डॉक्युमेंटेशन' एकाच्या गळ्यात मारू नका. त्या मुलाला व्हायवात बोलायला काहीच उरत नाही. एकाने ए-स्टार, एकाने दुसरी पद्धत, एकाने नकाशा आणि खेळ, एकाने मोजमाप घ्यावं. रिपोर्ट चौघांनी आपापला लिहावा.

मोजमाप घेणाऱ्यासाठी एक सूचना. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि आकडे फसवे येतात. दोन चाचण्यांच्या मध्ये फोन थंड होऊ द्या, चार्जिंगला लावून मोजू नका, आणि प्रत्येक चाचणी बऱ्याच वेळा घेऊन सरासरीबरोबर सगळ्यांत वाईट आकडाही लिहा. खेळताना अडखळतं ते त्या वाईट आकड्याच्या वेळी.